आत्याला मनाई

मयूरी काटकर पहिल्यांदा निवडून आली ती चहा नाकारून.

राज्याचा वीजनियामक सरकारने नेमायचा नाही, लोकांनी मत देऊन निवडायचा, असा कायदा झाला त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. विजेचा दर ठरवायचा, वीज कंपन्यांना शिस्त लावायची आणि लोकांच्या तक्रारी ऐकून निकाल द्यायचा, असं हे काम. पूर्वी त्या खुर्चीत कोण बसतं हे कुणाच्या गावीही नसायचं. निवडणूक लागली आणि अचानक गल्लोगल्ली फलक झळकले. त्या फलकांच्या गर्दीत दहिवडीच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारी ही बाई कुणाला दिसलीही नसती. पण एका गावी प्रचाराला गेली असताना ट्रान्सफॉर्मरच्या एका ठेकेदाराने तिच्यापुढे चहा ठेवला, आणि मयूरीने कप हळूच मागे सारून म्हटलं, "वीजवाल्यांच्या घरचा चहा मला पचत नाही हो." कुणीतरी ते चित्रित केलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या राज्याने पाहिलं, आणि ज्या राज्यात चहाला नाही म्हणणं हा जवळजवळ गुन्हा आहे, तिथे लोकांनी या गुन्ह्यावर खूश होऊन तिला मतं दिली.

निवडून आल्यावर माणसं जरा सैल होतात. मयूरी आणखी आवळली. स्वतःसाठी तिने आचारसंहिता लिहिली आणि शपथ म्हणून ती भर सभेत वाचली. 'जो वीज तयार करतो, विकतो, वाहून नेतो किंवा साठवतो, त्याच्याकडून मी वस्तू, मानपान वा पाहुणचार, काहीही घेणार नाही.' तिच्या वीज आयोगाचे विधी अधिकारी रियाज मुजावर हे मोठे तोलूनमापून बोलणारे गृहस्थ. त्यांनी मसुदा वाचून एवढंच विचारलं होतं, "मॅडम, 'साठवतो' हवंच का?"

"हवंच," मयूरी म्हणाली होती. "उद्या मोठमोठ्या बॅटरी कंपन्या येतील. आपण आधीच दार लावून घेऊ."

दार लावून घेतलं खरं, पण आपण आत आहोत की बाहेर, हे पाहायचं राहून गेलं. अति तिथे माती म्हणतात ते उगाच नाही.

ती दुसऱ्यांदा निवडून आली, पहिल्यापेक्षा जास्त मतांनी. आणि त्याच सुमारास काळी भिंत आली.

काळ्या भिंतीमागचं विज्ञान मयूरीच्या लाडक्या धड्यांपैकी होतं. ती निवडणुकीच्या सभांतसुद्धा ते फळ्यावर काढून दाखवी. साधं सिमेंट घ्यायचं, त्यात बारीक काजळी कालवायची आणि पाणी घालायचं. सिमेंट घट्ट होताना पाणी शोषून घेतं आणि पाणी जिथून गेलं तिथे केसासारख्या वाटा उरतात. काजळीचं आणि पाण्याचं काही जमत नाही. ती सिमेंटमध्ये मिसळत नाही, त्या रिकाम्या वाटांत जाऊन बसते. भिंत वाळते तेव्हा तिच्या पोटात काजळीचं एक जाळं तयार झालेलं असतं, झाडाच्या मुळांसारखं, सगळीकडून एकमेकांना जोडलेलं. त्यातून वीज वाहते.

अशा दोन थरांच्या मध्ये एक पातळ पडदा घालायचा आणि दोन्ही थर खारट खळीने भिजवायचे. छपरावरच्या सौर पत्र्यांची वीज सोडली की एका थरावर धन भार गोळा होतो, दुसऱ्यावर ऋण. पाहिजे तेव्हा काढून घ्यायचा. काजळीला घड्यांवर घड्या इतक्या, की ताटाएवढ्या तुकड्यातल्या सगळ्या घड्या उलगडल्या तर शिवारच्या शिवार झाकावं. म्हणून भार मावतोही पुष्कळ. शिवाय आत कसलीच रासायनिक क्रिया होत नाही, त्यामुळे बॅटरीसारखी भिंत म्हातारी होत नाही. घर उभं आहे तोवर ती उभी.

हे प्रयोगशाळेत बरीच वर्षं ठाऊक होतं. ती खारट खळ लवकर वाळायची, एवढंच घोडं अडलं होतं. कुणीतरी न वाळणारी खळ शोधून काढली आणि मग गवंड्यांनी राज्य काळं करून टाकलं. जोती काळी, कुंपणं काळी, देवळाच्या ओवऱ्यासुद्धा काळ्या. मयूरीच्या माण तालुक्यात तर पाऊस नसला तरी ऊन मोप. दिवसभर ऊन प्यायचं आणि रात्रभर पंखा फिरवायचा. ज्यांच्याकडे जास्त झालं ते शेजारी वायर टाकून द्यायला लागले. "आमची भिंत भरलीया, तुमच्यात सोडू का?" असं बायका कुंपणावरून विचारू लागल्या. मयूरीला हे सगळं पाहून इतका आनंद व्हायचा की दौऱ्यावर ती मुद्दाम गाडी थांबवून लोकांच्या भिंतींना हात लावून यायची.

आणि मग एका सकाळी अॅडव्होकेट रोहन घोरपडे यांनी पत्रकार परिषद घेतली.

घोरपडे म्हणजे तिचा गेल्या वेळचा पडलेला आणि पुढच्या वेळी पुन्हा उभा राहणारा प्रतिस्पर्धी. माणूस वाईट नव्हता, पण हुशारी अंगात मावत नसे. त्याने एक फोटो दाखवला. फोटोत नियामक मयूरी काटकर आपल्या मैत्रिणीच्या ओसरीवर बसून शेवयांची खीर खात होत्या. मागे काळी भिंत.

"ही भिंत वीज साठवते," घोरपडे म्हणाला. "नियामक बाईंची शपथ काय सांगते? साठवणाऱ्याकडून काहीही घेणार नाही. मी आरोप करत नाही. मी फक्त खीर दाखवतो आहे."

मयूरीने मुजावरांना बोलावलं. मुजावरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मॅडम, शब्द स्पष्ट आहे. आपलाच आहे."

"म्हणजे मी कुणाच्याच घरी काही खायचं नाही?"

"ज्याच्या घराला काळी भिंत नाही, त्याच्याकडे खाऊ शकता." मुजावर थांबले. "अशी घरं आता फार उरलेली नाहीत."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. शपथ तिने लोकांपुढे घेतली होती आणि ती पुसायचा अधिकारही तिच्याच हातात होता. पण स्वतःच्या सोयीसाठी शपथ पुसणारी बाई म्हणून तिला आरशात पाहायचं नव्हतं. तिने मैत्रिणीला फोन करून खिरीबद्दल माफी मागितली. मैत्रीण म्हणाली, "अगं, वेडी का खुळी तू?"

हॉटेलात विकत घेऊन खायला हरकत नव्हती. तशी ती खात राहिली. पण लग्नात अक्षता टाकून न जेवता निघायचं, हळदीकुंकवाला जाऊन वाण घ्यायचं नाही, शेजारणीने आणलेलं लोणचं दारातूनच परत पाठवायचं, हे सगळं करताना तिला आपण माणसातून उठत चाललो आहोत असं वाटू लागलं. तरी ती म्हणायची, चालायचंच, मुदत संपेपर्यंतचा प्रश्न आहे. तोवर मोठं काही अडलं नव्हतं.

ते अडलं तिच्या भावाला मुलगी झाली तेव्हा.

धनंजय तिच्याहून बराच लहान. आईबापांनी जेवढा वाढवला, त्याहून मयूरीने जास्त वाढवला. धनू आणि त्याची बायको अंकिता यांनी लेकरासाठी इतकी वर्षं वाट पाहिली होती, की गावाने विचारायचंसुद्धा सोडून दिलं होतं. आणि मग झाली एक गुबगुबीत, काळीसावळी, भरपूर जावळाची मुलगी. मयूरीने दवाखान्यात तिला उचलून घेतलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. स्वतःचं लग्न तिने केलं नव्हतं, त्याची तिला खंतही नव्हती. पण हे लेकरू हातात आल्यावर तिला वाटलं, हे माझंही आहे.

आता बारसं. आणि बारसं म्हटलं की आत्या. पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. त्याबद्दल तिला साडी, तिचं हळदकुंकू, पंगतीत तिचं पहिलं पान. माणात एक वेळ भटजी नसला तरी चालतं, आत्या नसून चालत नाही. बाळाला दुसरी आत्या नव्हती.

त्यांच्या गावी, पळसखडीला, धनूने नवं घर बांधलं होतं. जोत्यापासून माळवदापर्यंत काळं कुळकुळीत.

मयूरी तिथे गेली ती मनाशी तोडगा ठरवून. आईने चहा आणला. मयूरीने तो प्यायला, गप्पा मारल्या, बाळाला मांडीवर घेऊन पाय हलवले. आणि उठताना बशीखाली एक नोट सरकवली. विकत घेतलेला चहा चालतो, असा तिचा हिशेब.

धनूने बशी उचलली.

"ही काय हाय?"

"अरे धनू, तो नियम…"

"ताई, माझ्या घरात तू चहाचं पैसं दिलंस?" धनूचा आवाज एकदम बारीक झाला. "आपल्या आईच्या हातचा चहा हाय त्यो."

"मला दुसरा मार्ग नाही रे."

"मग बारशाच्या साडीचं बी पैसं देणार का? आन् पंगतीचं? पानाला किती लावू, सांग की!"

आई मध्ये पडली. "आरं, तिचं सरकारी काम हाय, तिला बोलू नगंस."

"मी कुठं बोलतूय? ती येणार नसंल तर बारसं बी न्हाई. दुसऱ्या कुणी माझ्या लेकीच्या कानात नाव सांगायचं न्हाई. बसू दे तशीच."

आणि खरोखरच ती तशीच बसली. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं ते बाळ पालथं पडायला लागलं, रांगायला लागलं, तरी त्याला नाव नव्हतं. आजी त्याला ठकी म्हणायची, अंकिता पिल्लू म्हणायची, धनू साहेब म्हणायचा आणि गाव म्हणायचं, 'काटकरांची बिननावाची'. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी होती. लस टोचायला नेलं की परिचारिका रकान्यापाशी अडायच्या आणि अंकिता सांगायची, "आमचं वीजखात्यात अडकलंय बघा." मयूरीची मुदत संपायला वर्षाहून जास्त अवकाश होता. तोवर पोर चालायला लागून स्वतःच स्वतःचं नाव ठेवील, अशी गावात पैज लागली होती.

याच सुमाराला वीज कंपन्यांची मोठी याचिका आयोगापुढे आली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. काळी भिंत असलेलं प्रत्येक घर म्हणजे एक वीजकेंद्र. त्याने परवाना घ्यावा. आणि विनापरवाना शेजाऱ्याला वीज देणं हा गुन्हा धरावा. याची जनसुनावणी मयूरीने मुद्दाम दहिवडीला ठेवली, मार्केट यार्डाच्या सभागृहात. मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेवटच्या रांगेत धनू, अंकिता, आई आणि बिननावाची बसली होती. ती कशासाठी आली आहेत हे मयूरीला पाहताक्षणी कळलं. घर हे वीजकेंद्र नाही असा निकाल लागला, की धनूचं घर पुन्हा नुसतं घर होणार होतं. आणि तिथे आत्याला जेवता येणार होतं.

कंपन्यांच्या वकीलबाई पुण्याहून आल्या होत्या. मुद्देसूद आणि सभ्य. त्यांचं बोलणं संपल्यावर मयूरीने विचारलं, "वकीलबाई, तुम्ही घरी दही लावता का?"

"लावते."

"विरजण संपलं तर?"

"शेजारच्या काकूंकडून आणते."

"काकू परवाना दाखवतात?"

सभागृह खदखदून हसलं. वकीलबाईही हसल्या, पण डगमगल्या नाहीत. "विरजणाने कुणाला झटका बसत नाही, मॅडम. परवा एका गावी शेजाऱ्याने सोडलेल्या विजेने म्हैस मेली."

हसू थांबलं. मयूरीने मान डोलावली. बाई बरोबर बोलत होत्या आणि बरोबर बोलणाऱ्याला हसण्यावारी नेणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्यानंतर दुपारभर ती म्हशीवरच बोलत राहिली. दोन घरांमधल्या वायरीत आपोआप तुटणारा खटका हवा, तो कुणी बसवायचा, कुणी तपासायचा, ज्याची भिंत जुनी आहे त्याने काय करायचं. लोकांनी सूचना केल्या, हरकती घेतल्या, एकमेकांवर ओरडले, पुन्हा समजूतदार झाले. मयूरी मनातून अगदी खूश होती. असं भांडण ऐकण्यासाठीच तिने ही नोकरी मागून घेतली होती.

शेवटी तिने निकालाची दिशा सांगितली. कुंपणावरून शेजाऱ्याला फुकट दिलेली वीज हा धंदा नाही, तो शेजारधर्म आहे. त्याला परवाना नको, पण खटका हवाच. मोठ्या तारांत वीज सोडून जो पैसे घेईल तो धंदा, त्याला सगळे नियम लागू. तेव्हा नुसती काळी भिंत असलेलं घर हे कायद्याने वीज साठवणारं म्हणजे वीजवालं नाही, ते घरच आहे.

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत धनूने बाळाला डोक्यावर उचलून धरलं.

तेवढ्यात घोरपडे उभा राहिला.

"निकाल उत्तम आहे," तो म्हणाला. "मला एकच विचारायचंय. या निकालाने राज्यात सगळ्यात आधी कोणाचा फायदा होतो? मॅडम, सही केली की आज रात्री तुम्ही भावाच्या घरी जेवायला मोकळ्या. हो की नाही?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मयूरीने मागच्या रांगेकडे पाहिलं. बाळ अजून वरच होतं आणि दोन्ही हातांनी बापाचे केस ओढत होतं. तिला घोरपडेचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण तो खरं बोलत होता. निकाल बरोबर होता आणि फायदाही तिचा होता. उद्या कुणी म्हणालं असतं की बाईने साडीसाठी कायदा वाकवला, तर हा निकाल पुढच्या नियामकाने फिरवायला एवढं कारण पुरलं असतं. मग शेजारणींनी पुन्हा गुन्हेगार व्हायचं.

"मुजावर साहेब, आणखी एक कलम लिहून घ्या," ती म्हणाली. "हा नवा अर्थ राज्यातल्या सगळ्यांना आजपासून लागू. फक्त सध्याच्या नियामकाला नाही. तिच्यासाठी, तिची मुदत संपेपर्यंत, प्रत्येक काळी भिंत वीजवाल्याचीच."

मुजावरांची लेखणी थांबली. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, म्हणजे अख्ख्या राज्यात कायद्याने शेजारी नसलेली एकच बाई राहील."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. घोरपडे खाली बसला. मागच्या रांगेत धनूने बाळाला खाली घेतलं, अंकिताकडे दिलं आणि तो उठून बाहेर निघून गेला.

मयूरी त्या रात्री विश्रामगृहावर विकतचं जेवण जेवली आणि तिला ते गिळवेना. ती रडलीसुद्धा. चांगलं काम केल्यावर माणसाला बरं वाटतं म्हणतात, पण ते लगेच वाटतं असं कुणी सांगितलेलं नाही.

सकाळी फोन आला तो अंकिताचा. नणंद-भावजयीचं आजवर जेमतेम होतं. भांडण नव्हतं, पण नवऱ्याला वाढवणाऱ्या नणंदेशी बायका जपूनच असतात, तशी अंकिता होती.

"ताई, रात्रभर झोप न्हाई मला. एक विचारू? तुम्हाला घ्यायला मनाई हाय न्हवं?"

"हो गं."

"द्यायला?"

मयूरी जागच्या जागी उठून उभी राहिली. मुलांना भौतिकशास्त्र शिकवणारी, कंपन्यांच्या वकिलांना घाम फोडणारी ही बाई. पण आत्याने घ्यायचं असतं, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की उलटी बाजू तिला सुचलीच नव्हती.

"द्यायला… नाही. द्यायला काहीच मनाई नाही."

"मग बारसं तुम्ही घाला. तुमच्या जागंत, तुमच्या खर्चानं. पाळणा तुमचा, पंगत तुमची. आमी नुसतं येतू. तुम्हाला कोण काय देणार न्हाई."

"अंकिता, आत्याने बारसं घातलेलं कुणी ऐकलंय का? आणि माझ्याकडे जागा…" बोलता बोलता मयूरीला आठवलं. पळसखडीच्या माळावर वडिलांनी तिच्या नावे ठेवलेला तुकडा होता. खडक आणि कुसळं. त्यावर एकही भिंत नव्हती, काळी नाही की गोरी नाही. "आहे. जागा आहे! पण धनू?"

"त्येंचं माझ्याकडं लागलं," अंकिता म्हणाली आणि फोन न ठेवताच आत ओरडली, "आवं ऐकलं का?"

मग मयूरीला फोनवर सगळं ऐकू आलं. धनू म्हणत होता की बहिणीच्या दारात लेकीचं बारसं, लोक तोंडात शेण घालतील. भावानं बहिणीला द्यायचं असतंय, तिच्याकडनं घ्यायचं नसतंय. आणि अंकिता म्हणाली, "पोरीला नाव न्हाई, आन् तुमास्नी नाकाची पडलीया!" त्यावर आईचं हसू ऐकू आलं, खोकल्यासकट. मग अंकिता पुन्हा फोनवर आली, "रविवारी घाला, ताई."

पुढच्या रविवारी सकाळी माळावर मांडव उभा राहिला. मयूरीने पाळणा आणला, झबली-टोपडी आणली, आचारी सांगितला, पळसखडीबरोबर आसपासच्या वाड्यांनाही आवतण धाडलं. मुजावर सहकुटुंब आले आणि मांडवाच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येकाला आदबीने सांगू लागले, "आहेर आणू नये. हार नको. फूलसुद्धा नको. मोकळ्या हातांनी यावं." लोक हसत होते आणि हात वर करून दाखवत आत शिरत होते. कढईतल्या घुगऱ्यांचा वास सुटला होता. बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या आणि नियामक बाई पदर खोचून त्यांना पाट मांडत होती.

अंकिता बाळाला घेऊन आली, आई आली. धनू दिसेना. मयूरी सारखी मांडवाच्या तोंडाकडे पाहत होती.

मग तो दिसला. मांडवाच्या अगदी शेवटच्या खांबापाशी उभा होता. जन्मात कधी तो बहिणीकडे रिकाम्या हाताने आला नव्हता. भाऊबीज असो, नाहीतर साधी बाजाराची फेरी असो, पिशवी असायचीच. आज हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. कधी खिशात घालत होता, कधी पाठीमागे बांधत होता.

मयूरी भरभर चालत गेली. "ये की रे."

"कसंतरीच वाटतंय गं, ताई."

"मला पण वाटायचं. तुझ्या दारातून परत जाताना." ती म्हणाली. "चल. साहेबांचं नाव ठेवायचंय."

त्याने मान हलवली आणि तो आला. बाळाला पाळण्याखालून वरून फिरवून झालं. सात महिन्यांचं धष्टपुष्ट बाळ, ते कसलं पाळण्यात निजतंय. ते उठून बसलं आणि दोरी चावायला लागलं. आईने पाळणा म्हणायला सुरुवात केली, बायकांनी सूर धरला. मयूरी वाकली, बाळाच्या जावळाशी तोंड नेलं आणि कानात म्हणाली, "कुर्र्र… सई."

बाळाने चावणं थांबवून तिच्याकडे टक लावून पाहिलं, मग तिचं नाक धरलं.

आणि आता प्रघात असा, की आत्याने नाव सांगितलं रे सांगितलं, की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या. थट्टेच्या, पण चांगल्या आवाज येणाऱ्या. अंकिताने हात उचलला एवढ्यात मागून आवाज आला.

"एक मिनिट!" घोरपडे आला होता. बरोबर त्याची आई होती, नऊवारीतली, ठसठशीत कुंकवाची. "मुजावर साहेब, कायद्याचा प्रश्न आहे. बुक्की ही भेट धरायची की मानपान? घेता येईल का नियामकांना?"

त्याच्या डोळ्यांत मिस्किली होती, पण प्रश्न विचारला होता आणि मांडवातली सगळी माणसं मुजावरांकडे पाहू लागली. मुजावरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"माझ्या मते," ते म्हणाले, "बुक्की ही भेट नव्हे. बुक्की ही हरकत आहे. आणि जनतेची हरकत नोंदवून घेणं हे नियामकांचं कर्तव्यच आहे. ती नाकारता येत नाही."

मांडव हसून नुसता कोसळायचा बाकी राहिला. अंकिताने पहिली बुक्की घातली, दणकून. दुसरी कुणी घालायच्या आत घोरपडेच्या आईने लेकाला बाजूला सारलं आणि ती पुढे झाली. "थांब बाय, माझी मागच्या उन्हाळ्यापासनं हाय. तीन दिस लाईट न्हवती आमच्या आळीत." दण्ण! मग रांगच लागली. एकीची व्होल्टेज कमी म्हणून, एकीची बिल चुकलं म्हणून, एकीची म्हणे काहीच तक्रार नव्हती, पण एवढ्या लांब आल्यासारखं एक घालूनच जाते. मुजावरांच्या बेगमनेही एक घातली आणि सांगितलं, "रोज उशिरा घरी पाठवता साहेबांना." मयूरी पाळण्याच्या काठाला धरून वाकली होती, हसून हसून तिच्या पोटात दुखत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. किती तरी महिन्यांत तिला कुणी काही दिलं नव्हतं. आज अख्खा तालुका देत होता, आणि ते सगळं तिला घेता येत होतं.

अचानक बुक्क्या थांबल्या. तिने मान वळवून पाहिलं. रांग मोडून धनू पुढे आला होता. पुरुषांनी बुक्की घालायची रीत नाही. बायका "अगं बाई!" करून ओरडल्या.

"माझी बी हरकत हाय," तो म्हणाला.

"कसली रे?"

"लई उशीर केलास."

त्याने बुक्की घातली नाहीच. हात पाठीवर टेकवला आणि तसाच ठेवला. लहानपणी खोकल्याची उबळ आली की ती त्याच्या पाठीवर असाच हात ठेवायची. पाळण्यातली सई दोघांकडे आळीपाळीने पाहत होती आणि तोंडाने भुर्र करत होती.

"आवरा की धनंजयराव," मागून कुणीतरी ओरडलं, "रांग पार बांधापातूर गेलीया!"

धनू हसत बाजूला झाला. मयूरीने डोळे पुसले, पदर सावरला आणि पुन्हा पाठ वाकवली.